टर्बोचा बूस्ट, वेस्टगेट आणि बूस्ट कंट्रोलर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घाटकोपरच्या आमच्या गॅरेजात टर्बोची गाडी घेऊन येणारा प्रत्येक जण साधारण हेच प्रश्न विचारतो. फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगून अर्धं राहून जातं, म्हणून उत्तरं इथे सविस्तर लिहिली आहेत. मुंबईची हवा, इथलं ट्रॅफिक आणि इथे मिळणारं पेट्रोल धरूनच लिहिली आहेत, कारण थंड देशातल्या गाडीचे आकडे उचलून इथे लावले की इंजिन जातं. अशी उघडलेली इंजिनं मी पाहिली आहेत.

बूस्ट म्हणजे नेमकं काय? मीटरवरचा आकडा कसा वाचायचा?

टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे निघालेल्या वायूच्या जोरावर इंजिनात जादा हवा ढकलणारा पंप. इंजिनात जाणारी हवा बाहेरच्या हवेपेक्षा जितक्या जास्त दाबाने आत ढकलली जाते, तो जादा दाब म्हणजे बूस्ट. मुंबई समुद्रसपाटीला आहे, त्यामुळे इथे हवेचा दाब आधीच साधारण १ बार असतो. मीटरवर ०.७ बार दिसतंय म्हणजे इनटेकमध्ये, हवा इंजिनात शिरते त्या मार्गात, एकूण १.७ बार आहे. स्कॅनर लावला की तो बहुतेक वेळा हा एकूण आकडा दाखवतो, डॅशबोर्डवरचा मीटर फक्त वरचा. मग लोक घाबरून फोन करतात की बूस्ट दुप्पट झाला. पीएसआयमध्ये मोजत असाल तर १ बार म्हणजे १४.५ पीएसआय.

पेट्रोल गाडी आयडलला असताना मीटरचा काटा शून्याच्या खाली, उणे ०.६ ते उणे ०.७ बारच्या आसपास असायला हवा. तिथे काटा उणे ०.४ वर थरथरत असेल तर बूस्टचा विषय सोडा, आधी इंजिन बघा.

वेस्टगेट काय काम करतं?

सायलेन्सरकडे निघालेला गरम वायू टर्बाइनची पंखी फिरवतो, तिच्याच दांड्यावर बसवलेली दुसरी पंखी, म्हणजे कंप्रेसर, हवा दाबून इंजिनात पाठवते. हवा जास्त, तर पेट्रोल जास्त, तर वायू जास्त, तर पंखी अजून जोरात. हे चक्र कोणी थांबवलं नाही तर दाब वाढतच जाईल. वेस्टगेट म्हणजे या वायूला पंखीला वळसा घालून जाऊ देणारं दार, म्हणजेच झडप. दाब ठरलेल्या आकड्याला पोहोचला की दार थोडं उघडतं, काही वायू बाजूने निघून जातो आणि पंखीचा वेग तिथेच राहतो.

दार उघडायचं काम ॲक्च्युएटर करतो. टर्बोच्या बाजूला तो गोल डबा दिसतो ना, तोच. आत रबरी डायफ्रॅम आणि एक स्प्रिंग. कंप्रेसरकडून एक बारीक नळी त्या डब्यात येते. नळीतला दाब स्प्रिंगपेक्षा भारी झाला की दांडा पुढे सरकतो आणि झडप उघडते. बूस्ट कंट्रोल नावाचा जो काही प्रकार आहे, तो सगळा या बारीक नळीतल्या दाबाशी खेळण्याचा आहे. डब्याला दाब कमी कळवला की झडप उशिरा उघडते आणि बूस्ट वाढतो. एवढं डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

आतलं वेस्टगेट आणि बाहेरचं वेस्टगेट यांत चांगलं कोणतं?

रस्त्यावरच्या जवळपास सगळ्या गाड्यांत झडप टर्बाइनच्या घरातच असते. ती स्वस्त, आटोपशीर आणि सर्वसाधारण बूस्टला पुरेशी. बाहेरचं वेस्टगेट मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातून वायू टर्बोकडे नेणाऱ्या पाइपांवर, वेगळं बसतं, ३८, ४५, ६० मिलिमीटर अशा मापांत मिळतं आणि जास्त वायू सोडू शकतं. इथे एक गोष्ट उलटी आहे. कमी बूस्ट ठेवायचा असेल तर वेस्टगेट मोठं लागतं, कारण जास्त वायू वळवावा लागतो. मोठ्या इंजिनावर छोटा टर्बो असेल तर आणखीच मोठं.

पाय काढला की 'छुश्श' आवाज येतो, तो वेस्टगेटचा का?

नाही. तो ब्लो-ऑफ किंवा डायव्हर्टर व्हॉल्व्हचा. थ्रॉटल (ॲक्सिलरेटरवर उघडझाप होणारी हवेची झडप) अचानक बंद झाल्यावर अडकलेली दाबाची हवा तो सोडतो, आणि ती हवा थंड, इनटेकच्या बाजूची असते. वेस्टगेट सोडतं तो एक्झॉस्टचा वायू. दोन्हींचा एकमेकांशी संबंध एवढाच की डायव्हर्टरचा पडदा फाटला तर बूस्ट गळतो आणि माणूस वेस्टगेटला दोष देत बसतो.

गाडी पूर्वीसारखी उचलत नाही. बूस्ट वाढवून घेऊ का?

आमच्याकडे सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर जवळपास नेहमी नाही असंच निघतं. गाडीचा दम कमी झाला असेल तर कुठेतरी हवा गळत असते. इंटरकूलरच्या (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाइपची क्लिप ढिली, रबरी बेंडला आतून चीर, किंवा डायव्हर्टरचा पडदा गेलेला. अशा गाडीचा बूस्ट वाढवला तर टर्बो गळती भरून काढायला अजून जोरात पळतो, हवा अजून तापते, बेअरिंगचं आयुष्य घटतं आणि गाडी तेवढीच पळते.

तपासणी अगदी साधी आहे. एअर फिल्टरकडचा पाइप काढून तिथे व्हॉल्व्ह लावलेली बूच बसवायची आणि गॅरेजातल्या हवेच्या कंप्रेसरने हळूहळू हवा भरायची, साधारण ०.७ ते १ बार. मग साबणाचं पाणी. फेस आला की जागा सापडली. रेडिओ बंद करा, गॅरेजातला पंखा बंद करा, कान लावून ऐका. बहुतेक गळत्या आधी ऐकू येतात आणि मग दिसतात.

उलटाही प्रकार होतो, आणि तो जास्त धोक्याचा. मागच्या पावसाळ्यात मुलुंडहून एक टर्बो पेट्रोल सेडान आली. मालक खूश होते, म्हणाले, गेल्या आठवड्यापासून गाडी काय मस्त पळते. मग एक्सप्रेसवेवर ओव्हरटेक करताना अचानक झटका बसला, चेक लाइट लागली आणि गाडी मरगळली. स्कॅनरवर पी ०२३४, म्हणजे ओव्हरबूस्ट. बॉनेट उघडलं तर ॲक्च्युएटरच्या नळीवर दाताच्या बारीक बारीक खुणा आणि मधोमध आरपार भोक. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पावसात उंदीर ऊब शोधत इंजिनात शिरतात, आणि रबर कुरतडतात. नळीला भोक म्हणजे डब्याला दाब पोहोचतच नव्हता, वेस्टगेट उघडतच नव्हतं. गाडी आठवडाभर मस्त पळत होती ती यामुळे. चार मिलिमीटरची वीतभर नळी बदलली आणि काम झालं. ईसीयूने, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाने, वेळीच थ्रॉटल ओढून घेतला म्हणून पिस्टन वाचले. गाडी काही न करता अचानक जास्त पळायला लागली तर आनंद मानू नका, नळ्या तपासा.

माझी स्प्रिंग ०.५ बारची आहे. कंट्रोलर लावून ०.३ वर आणता येईल का?

नाही. कंट्रोलर डब्याकडच्या नळीतला दाब कमी करतो, त्यामुळे तो बूस्ट फक्त वाढवू शकतो. सगळ्यात खालची मर्यादा स्प्रिंगच ठरवते. कमी हवा असेल तर स्प्रिंग बदलायची.

मॅन्युअल कंट्रोलरमध्ये ब्लीड आणि बॉल-स्प्रिंग असे दोन प्रकार सांगतात. फरक काय?

ब्लीड प्रकारात डब्याकडे जाणाऱ्या दाबातला थोडा बाहेर सोडून देतात. स्क्रू जितका उघडा, तितका दाब कमी पोहोचतो. चालतं, पण डब्याला सुरुवातीपासूनच थोडाथोडा दाब मिळत राहतो, त्यामुळे झडप हळूहळू आधीच उघडायला लागते आणि टर्बोला जाग यायला वेळ लागतो.

बॉल-स्प्रिंगमध्ये एक छोटी गोळी नळीचं तोंड बंद करून बसलेली असते. ठरलेला दाब येईपर्यंत डब्याला काहीच कळत नाही, वेस्टगेट घट्ट बंद राहतं आणि बूस्ट पटकन चढतो. मग गोळी उचलली जाते आणि झडप उघडते. मला विचाराल तर जुन्या, साध्या इंजिनावर हाच प्रकार बरा. मात्र त्याच्या डब्याकडच्या बाजूला सुईच्या टोकाएवढं एक छिद्र असतं. पाय काढल्यावर डब्यात अडकलेला दाब तिथून निघून जातो. ते छिद्र मुंबईच्या धुळीने आणि तेलकट वाफेने बुजलं तर वेस्टगेट अर्धवट उघडंच राहतं आणि दुसऱ्या गिअरला गाडी मेल्यासारखी वाटते. दर सर्व्हिसला ते छिद्र बघा.

बसवताना बाणाची दिशा दोनदा तपासा. उलटा बसला तर डब्याला दाब कधीच पोहोचत नाही आणि बूस्टला वर मर्यादाच उरत नाही.

इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर आणि सोलेनॉइड कसं काम करतात?

नळीच्या मध्ये तीन तोंडांचा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडझाप करणारी झडप, बसतो. एक तोंड कंप्रेसरकडे, एक डब्याकडे, एक बाहेर किंवा पुन्हा इनटेकच्या पाइपात. ईसीयू त्याला सेकंदाला तीसेक वेळा उघडझाप करायला लावतो. प्रत्येक झापेत किती टक्के वेळ दाब बाहेर सोडायचा, त्याला ड्युटी म्हणतात. ड्युटी वाढली की डब्याला कमी दाब मिळतो आणि बूस्ट वाढतो. फायदा हा की गिअरप्रमाणे, आरपीएमप्रमाणे, इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या तापमानाप्रमाणे आकडा बदलता येतो आणि नॉकिंग (सिलिंडरमधलं मिश्रण आपोआप फुटणं) दिसलं की ईसीयू स्वतः मागे येतो. ही कल्पना नवी नाही. स्वीडनच्या साब कंपनीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला नॉक सेन्सर आणि सोलेनॉइड जोडून हेच केलं होतं.

जोडणी करताना एक चाचणी कधीही चुकवू नका. सोलेनॉइडची वायर काढा आणि कंप्रेसरकडच्या तोंडातून फुंकर मारा. हवा डब्याकडच्या तोंडातून निघाली पाहिजे. म्हणजे वायर तुटली, फ्यूज गेला तरी गाडी स्प्रिंगच्या बूस्टवर येऊन सुरक्षित राहते. हवा तिसऱ्या तोंडातून निघत असेल तर जोडणी उलटी आहे आणि ज्या दिवशी वायर सुटेल त्या दिवशी इंजिन जाईल. या चाचणीला दहा सेकंद लागतात. मी प्रत्येक गाडीवर करतो, दुसऱ्याने आधी करून दिली असली तरी.

बाहेरच्या वेस्टगेटला खालचं आणि वरचं अशी दोन तोंडं असतात. खालच्या तोंडाला दाब कायम, सोलेनॉइड वरच्याला. तीन तोंडांच्या सोलेनॉइडवर स्प्रिंगच्या साधारण दुप्पट बूस्टपर्यंतच भरवसा धरावा. १.२ बार हवा असेल तर ०.४ ची स्प्रिंग घालून ड्युटी ताणण्यापेक्षा ०.७ ची घाला.

माझी गाडी नवी आहे, बीएस ६. मॅन्युअल कंट्रोलर लावून देता का?

नाही देत, आणि जो देईल त्याच्याकडून घेऊही नका. आजचा ईसीयू किती टॉर्क हवा हे आधी ठरवतो आणि मग बूस्ट, थ्रॉटल, स्पार्क सगळं त्यानुसार जुळवतो. त्याला न विचारता बूस्ट वाढला की तो थ्रॉटल मिटतो, पेट्रोल तोडतो किंवा गाडी लिम्प मोडमध्ये, म्हणजे कमी ताकदीच्या सुरक्षित अवस्थेत, टाकतो. वरून अनेक नव्या टर्बो पेट्रोल गाड्यांत नळी आणि डायफ्रॅमचा डबाच नसतो. झडप थेट इलेक्ट्रिक मोटर हलवते. तिथे मॅन्युअल कंट्रोलर लावायला जागाच नाही. अशा गाडीचा बूस्ट बदलायचा तर ईसीयूचं ट्यूनिंग, आणि तेही आधी गाडी पूर्ण ठीक असेल तरच.

मिस्त्री म्हणतो, ॲक्च्युएटरच्या दांड्याचे आटे फिरवले की फुकटात बूस्ट वाढतो. खरं का?

थोडा वाढतो, पण ते आटे त्यासाठी नाहीत. दांडा आखूड केला की स्प्रिंगवर आधीच ताण येतो, झडप घट्ट बसते आणि थोड्या जास्त दाबाला उघडते. हे माप झडप नीट बसावी म्हणून द्यायचं असतं. ताण अजिबात नसेल तर झडप वायूच्या माऱ्याने फडफडते. चार-पाच आटे आवळले तर झडप पूर्ण उघडतच नाही आणि वरच्या आरपीएमला बूस्ट हाताबाहेर जातो.

बरोबर करायची पद्धत अशी. मीटर असलेला हातपंप घ्या, नळीच्या जागी जोडा आणि दांड्यावर पांढऱ्या पेनने एक रेघ मारा. हळूहळू दाब द्या. रेघ किती दाबाला हलायला लागली ते लिहून ठेवा, दांडा पूर्ण कधी गेला तेही. मग पंप तसाच धरून मिनिटभर थांबा. काटा खाली सरकला तर डायफ्रॅम फाटलेला आहे, आट्यांना हात लावायचं कारणच नाही. बदल करायचा असेल तर अर्धा फेरा, पुन्हा मोजणी, आणि शेवटी चेकनट घट्ट. चेकनट विसरलेली गाडी महिन्याभरात परत येते.

बूस्ट क्रीप, स्पाइक आणि वर गेल्यावर बूस्ट पडणं, तिन्ही एकच का?

तिन्ही वेगळे आणि उपायही वेगळे.

क्रीप म्हणजे वेस्टगेट सताड उघडं असूनही सगळा वायू त्यातून जात नाही, म्हणून आरपीएमबरोबर बूस्ट चढत राहतो. मोकळा डाउनपाइप (टर्बोमधून सायलेन्सरकडे जाणारा पाइप) बसवल्यावर हे हमखास होतं. कंट्रोलर बदलून काही होत नाही, कारण तो आधीच शून्यावर आहे. झडपेचं भोक मोठं करून कडा गोल कराव्या लागतात, मोठी झडप लागते किंवा बाहेरचं वेस्टगेट लागतं. क्रीप चालू असताना त्या गाडीत पाय दाबून पुढे जाऊ नका.

स्पाइक म्हणजे पाय दाबल्यावर बूस्ट क्षणभर ठरलेल्या आकड्याच्या वर उसळतो आणि खाली येतो. नळी लांब असली, सोलेनॉइड डब्यापासून दूर बसवला किंवा ईसीयूची ड्युटी फार आक्रमक ठेवली की हे होतं. नळी आखूड करा, सोलेनॉइड टर्बोच्या जवळ आणा, पण उष्णतेपासून आडोशाला ठेवा.

वर गेल्यावर बूस्ट पडतो त्याची कारणं तीन. एक्झॉस्टचा दाब झडपेला मागून ढकलून उघडतो, म्हणजे स्प्रिंग मऊ पडते. किंवा गळती. किंवा टर्बोच छोटा आहे आणि त्याची हद्द संपली. तिसऱ्या कारणाला औषध नाही, आणि तिथे ड्युटी वाढवत राहणं म्हणजे फक्त गरम हवा वाढवणं.

माझ्या इंजिनाला किती बूस्ट चालेल?

एक आकडा फोनवर सांगणारा माणूस तुमच्या इंजिनाची काळजी करत नाही. पण मर्यादा कशाने ठरते ते सांगतो.

हवा दाबली की तापते, आणि मुंबईत ती आधीच तापलेली असते. मे महिन्यात ३५ अंशांची हवा ०.५ बारने दाबली की साधारण ७० टक्के कार्यक्षमतेचा कंप्रेसर ती ९० अंशांच्या आसपास नेतो. १ बारला तीच १३० च्या पुढे जाते. इंटरकूलर ती खाली आणतो, पण त्याला वारा लागतो. सायनच्या सिग्नलला वीस मिनिटं उभे राहून लगेच फ्रीवेवर पाय दाबला तर इंटरकूलर अजून इंजिनाच्या उष्णतेने भाजलेला असतो. पहिल्या दोन-तीन जोरांना आत जाणारी हवा कितीतरी गरम असते, आणि नॉकिंग तिथेच होतं. थंड प्रदेशात १.२ बारवर वर्षानुवर्षं चालणारं तेच इंजिन इथे १ बारला कुरकुरतं ते यामुळे.

नॉकिंग म्हणजे स्पार्कने लावलेली ज्वाळा सिलिंडरभर पोहोचायच्या आत उरलेलं मिश्रण आपोआप फुटणं. बाहेर बारीक टकटक ऐकू येते, जास्त बूस्टवर ती ऐकू येण्याआधीच पिस्टनच्या रिंगमधली कड तुटलेली असते. म्हणून कानावर विसंबू नका, ईसीयूने स्पार्क किती मागे ओढला ते स्कॅनरवर बघा.

दमटपणाचं अनेकांना माहीत नसतं. ३० अंशांना ९० टक्के दमट हवेत पाण्याची वाफ एकूण दाबाच्या जवळपास ४ टक्के जागा खाते, म्हणजे तेवढा ऑक्सिजन कमी. मीटर तोच आकडा दाखवतो, गाडी मात्र जुलैत थोडी जड वाटते आणि डिसेंबरच्या पहाटे हलकी. त्यात गाडीचा दोष नाही. वाफ नॉकिंगला थोडी आडकाठी करते हा पावसाळ्यातला त्यातल्या त्यात फायदा.

पेट्रोल पुरेसं मिळतंय का हा पुढचा प्रश्न. पूर्ण थ्रॉटलला लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण; १ म्हणजे नेमकं, त्याखाली म्हणजे पेट्रोल जास्त) ०.८० ते ०.८५ हवा आणि इंजेक्टर ८५ टक्क्यांहून जास्त उघडे राहता कामा नयेत. त्यानंतर स्पार्क प्लगची गॅप, कारण जास्त दाबात ठिणगी विझते. ०.६ ते ०.७ मिलिमीटर ठेवली की बहुतेकदा मिसफायर थांबतो. आणि शेवटी क्लच, गिअरबॉक्स. फोक्सवॅगनचा सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स २५० न्यूटन मीटरसाठी बनवलेला आहे. इंजिन ट्यून करून त्याच्या वर गेलात तर इंजिन टिकेल, गिअरबॉक्सचा खर्च मात्र तुमचा.

एक्सपी १०० टाकलं की बूस्ट वाढवता येईल?

एक्सपी १०० म्हणजे इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनचं पेट्रोल. ऑक्टेन वाढलं की नॉकिंगची हद्द पुढे जाते, हे खरं. पण ट्यून ज्या पेट्रोलवर झालं, तेच कायम टाकावं लागतं. एक्सपी १०० वर ट्यून केलं आणि कोकणात जाताना कुठल्याशा पंपावर साधं भरलं, तर तो बूस्ट त्या पेट्रोलला झेपत नाही. मी सल्ला देतो तो हा: आठवड्यातून जे पेट्रोल तुम्ही खरंच टाकता, त्यावरच ट्यून करा. रोज ९५ टाकत असाल तर ९५ वर.

ई २० बद्दल, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दल, लोक फार घाबरतात. इथेनॉल स्वतः नॉकिंगला चांगलं तोंड देतं आणि वाफ होताना हवा थंडही करतं. पण त्यात उष्णता कमी असते, त्यामुळे पेट्रोल जास्त जाळावं लागतं. शुद्ध पेट्रोलला हवेचं प्रमाण (एएफआर) १४.७, ई २० ला साधारण १३.५. जुन्या आकड्यांवर ट्यून केलेली गाडी ई २० वर लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडून, चालते, आणि बूस्टमध्ये लीन म्हणजे पिस्टनला भोक. म्हणून आकडा वाचताना एएफआर नको, लॅम्डा वाचा.

लोणावळ्याला, महाबळेश्वरला गेल्यावर बूस्ट बदलतो का?

महाबळेश्वर साधारण १,३५० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब ०.८६ बारच्या आसपास असतो. ॲक्च्युएटरच्या स्प्रिंगला बाहेरच्या हवेच्या तुलनेतलाच दाब कळतो, त्यामुळे मीटर ०.७ दाखवतो, पण एकूण दाब १.७ ऐवजी १.५६. गाडी थोडी सुस्तावते, बिनटर्बोच्या गाडीपेक्षा मात्र बरी चढते. ईसीयूवाल्या गाडीत एकूण दाबाचा आकडा धरलेला असतो, म्हणून तो टर्बोला जास्त पळवून भरपाई करतो. ज्यांचं ट्यून आधीच टोकाला आहे त्यांचा टर्बो घाटात हद्दीबाहेर जातो. खोपोलीहून वर चढताना पाचव्या गिअरला रेटण्यापेक्षा एक गिअर खाली घ्या.

डिझेलला हे सगळं लागू आहे का?

तत्त्व तेच, सवयी वेगळ्या. फियाटच्या १.३ मल्टिजेट डिझेलच्या ७५ पीएसवाल्या इंजिनात साधा टर्बो आणि वेस्टगेट होतं, ९० पीएसवाल्यात व्हेरिएबल टर्बो. व्हेरिएबल टर्बोला बहुधा वेस्टगेट नसतंच, आतल्या पात्या वळून काम करतात. काजळीने त्या पात्या अडकल्या की बूस्ट एक तर येत नाही किंवा उतरत नाही. तिथे साफसफाई हाच उपाय. डिझेलमध्ये नॉकिंगची भीती नाही, एक्झॉस्टच्या तापमानाची आहे. नुसतं डिझेल वाढवून काळा धूर काढत फिरणारी गाडी आपलेच पिस्टन वितळवत असते, आणि मागच्या रिक्षात बसलेल्या पोराच्या छातीत तो धूर जातो. धूर निघणारं ट्यून मी करत नाही.

वेस्टगेट पूर्ण बंदच करून टाकलं तर?

१९८० च्या दशकात फॉर्म्युला वनमध्ये पात्रता फेरीसाठी असे प्रकार झाले, आणि ती दीड लिटरची इंजिनं मोजक्या फेऱ्यांपुरतीच असायची. मग नियम आले: १९८७ मध्ये ४ बारची मर्यादा, १९८८ मध्ये २.५, आणि १९८९ पासून २०१३ पर्यंत टर्बोच बंद. तुमच्या गाडीत हे केलंत तर एका फेरीतच संपेल.

स्टार्ट करताना आणि पाय काढताना टर्बोकडून खडखड येते.

झडपेच्या बुशमध्ये खेळ आलाय. आवाज बारीक असेल तर घाई नाही. पण वरळी, दादर चौपाटी, वर्सोवा अशा समुद्राकाठी उभ्या राहणाऱ्या गाड्यांत दुसरा प्रकार होतो. खारी हवा दांड्याचा खिळा आणि बुश गंजवते आणि झडप अर्धवट अडकते. लॉकडाउननंतर अशा गाड्या रांगेने आल्या होत्या. गंज सोडवणारं तेल टाकून, गरम असताना हाताने हलवून सोडवा. जोर लावून पक्कडीने ओढलात तर दांडा वाकेल.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुना टर्बो आणि ॲक्च्युएटर स्वस्तात मिळतो. घेऊ का?

टर्बो घेताना दांड्याचा खेळ बघा. बाजूला किंचित चालतो, आतबाहेर असता कामा नये. पंख्यांच्या कडा कुठेही घासलेल्या नसाव्यात. ॲक्च्युएटर जुना घेऊ नका. दिसायला सारख्या दोन डब्यांच्या स्प्रिंगमध्ये ०.३ बारचा फरक असू शकतो आणि तो बाहेरून कळत नाही.

कायद्याने चालतं का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. परवानगी नसलेल्या बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. वॉरंटी जाते, अपघात झाला तर विमा कंपनी बोट ठेवते. म्हणून वाढवलेला बूस्ट फक्त ट्रॅकच्या गाडीवर. रस्त्यावरच्या गाडीचा बूस्ट कंपनीच्या आकड्यावर परत आणणं हे काम मी आनंदाने करतो, आणि बहुतेकांना मुळात तेच हवं असतं. बूस्टची चाचणी अटल सेतूवर किंवा पाम बीच रोडवर करायची नाही. डायनोवर, म्हणजे गाडी जागेवर रोलरवर पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, करा.

तुमच्याकडे ट्यूनिंगला येताना काय तयारी करू?

तेल आणि फिल्टर ताजे असू द्या. गळतीची तपासणी आम्ही आधी करतोच, ती झाल्याशिवाय लॅपटॉप उघडत नाही. बूस्ट ०.१ बारने वाढवतो, प्रत्येक पायरीला लॅम्डा, स्पार्क आणि आत जाणाऱ्या हवेचं तापमान बघतो, मध्ये गाडी थंड होऊ देतो. त्यामुळे पूर्ण दिवस धरून या. आणि टाकीत नेहमीचंच पेट्रोल असू द्या, खास त्या दिवसासाठी महागडं भरून आणू नका.